मुंबईत उतरायचं कुठे आणि पाहायचं काय?



सुट्ट्या जवळ आल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रंग बदलतो. लोणच्याची बुरशी आणि कपड्यावरचे डाग मागे पडतात, सहलीचे बेत पुढे येतात. या वेळी बिरवाडीच्या एका भगिनींचं चार पानी पत्र आलं आहे. बिरवाडी म्हणजे महाडजवळचं, एमआयडीसीला लागून असलेलं गाव. यजमान तिथल्याच एका कारखान्यात आहेत, घरात सासूबाई आणि शाळेत जाणारी दोन मुलं. तीन-चार दिवस मुंबईला जायचं ठरतं आहे. दीर-जाऊ नालासोपाऱ्याला राहतात, तेव्हा ‘उतरायचा काही प्रश्नच नाही’ असं घरातल्या सर्वांचं मत. बाईंना मात्र प्रश्न पडला आहे. सोबत त्यांनी यादी जोडली आहे. सासूबाईंना सिद्धिविनायक आणि महालक्ष्मी, मुलांना राणीच्या बागेतले पेंग्विन आणि डबलडेकर, यजमानांना गेटवे आणि घारापुरी. आणि यादीच्या अगदी तळाशी, कंसात, बारीक अक्षरात: (जमल्यास एखादं नाटक, थिएटरात बसून).

हा कंस मला पत्रातला सर्वांत महत्त्वाचा मजकूर वाटला. त्याच्याकडे येऊच. आधी उतरण्याचं बघू.

‘मुंबईत आपलं घर आहे’ हे वाक्य आपण कोकणातल्या बायका पिढ्यान् पिढ्या ऐकत आलो. एके काळी त्याचा अर्थ लालबाग, परळ, गिरगाव असा होता. गिरणगावात तर एकेका गावाची खोली असे. गावचे चाकरमानी मिळून भाडं भरायचे, पाळीपाळीने झोपायचे आणि जेवायला खाणावळीत जायचे. त्या खाणावळी बायका चालवायच्या, आणि त्याच बायकांना एकत्र करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, गिरण्या बंद पडत गेल्या, चाळींच्या जागी टॉवर आले आणि आपली माणसं दिवा, डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा, विरारकडे सरकली. घर मोठं झालं, स्वतःचं झालं, पण मुंबईपासून लांब गेलं.

आता हिशेब करा. चर्चगेट ते विरार ६० किलोमीटर. नालासोपारा हे विरारच्या अलीकडचंच स्टेशन. म्हणजे बिरवाडीहून रोज सकाळी निघून साधारण कोलाडपर्यंत जावं आणि रात्री परत यावं, तेवढा हा प्रवास. तोही लोकलमध्ये, सासूबाई आणि दोन मुलांना सांभाळत. घरून नऊला निघालात तर ऐन गर्दीत सापडाल. गर्दी ओसरेपर्यंत थांबलात तर गेटवेला पोचायला दुपारचा एक. संध्याकाळी पाचनंतर परतीची गाडी धरायची म्हणजे पुन्हा तीच झुंबड. मधल्या चार तासांत मुंबई काय पाहणार? तीन दिवसांतला निम्मा वेळ गाडीच्या दांड्याला धरून जाईल.

हा झाला अंतराचा हिशेब. दुसरा हिशेब पत्रात लिहिलेला नाही, पण तो तुम्हां-आम्हांला पाठ आहे. पाच माणसं पाहुणी आली की त्या घरातल्या बाईचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो. आणि पाहुणी म्हणून गेलेली बाईही पदर खोचून उभी राहतेच. ‘तुम्ही बसा हो’ म्हटलं म्हणून कोणती बाई बसते? पोळ्या लाटायच्या, डबे भरायचे, रात्री येऊन भांडी उरकायची. मुलं पेंग्विन पाहून येतात, यजमान समुद्र पाहून येतात आणि आपण जाऊबाईंचं स्वयंपाकघर पाहून येतो. गावी परतल्यावर शेजारणीने विचारलं, ‘काय काय पाहिलंत?’ तर सांगायला फारसं काही नसतं. यात जाऊबाईंचा दोष नाही. त्या बिचाऱ्या नोकरी, मुलांच्या शाळा, पाण्याच्या वेळा यांत आधीच पिचलेल्या असतात.

म्हणून माझं स्पष्ट मत: पैशाची थोडीफार सोय होत असेल तर तीन रात्री शहरात खोली घ्यावी आणि नातेवाइकांकडे एक दिवस मोकळेपणाने जेवायला जावं.

‘आमचं घर असताना लॉजवर उतरलात?’ हा प्रश्न येणारच, आणि राग धरणारी माणसं राग धरतील. त्यावर उपाय एकच. त्यांना हे जाऊन पोचल्यावर कळता कामा नये. बेत ठरतानाच फोन करा, आणि तो यजमानांनी आपल्या भावाला करावा. सुनेच्या तोंडी हे बोलणं घालू नये. कारण खरं तेच सांगावं: ‘आईला रोज लोकलची दगदग झेपणार नाही. दोन दिवस दादरला राहून देवदर्शन उरकतो आणि रविवारी सगळे तुमच्याकडे येतो.’ सासूबाईंचं नाव पुढे केलं की कुणाला वाईट वाटत नाही, आणि ते खोटंही नाही. जाताना आमसुलं, कुळथाचं पीठ, पोह्याचे पापड, नाचणीचं सत्त्व न्यायला विसरू नका. मुलांना चुलत भावंडांबरोबर राहायची हौस असेल तर एक रात्र त्यांना तिकडे पाठवा.

आता खोली कुठे घ्यायची? पाहायच्या जागा नकाशावर मांडल्या तर सगळ्या दादरपासून कुलाब्यापर्यंतच्या पट्ट्यात येतात. दक्षिणेकडे फोर्ट, सीएसएमटी, कुलाबा या भागात उतरलात तर गेटवे आणि म्युझियम पायाखाली, पण तिथे भाडी चढी असतात आणि रात्री आठनंतर फोर्टातली ऑफिसं बंद झाली की साधं वरण-भात मिळणारं ठिकाण शोधावं लागतं. मला विचाराल तर कुटुंबासाठी दादर बरं. पश्चिम आणि मध्य दोन्ही रेल्वे तिथे मिळतात, थालीपीठ-साबुदाण्याची खिचडी कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते, सासूबाईंच्या उपासाची पंचाईत होत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्ण धावू लागली आहे. तिच्यावर दादर, सिद्धिविनायक, विज्ञान केंद्र, महालक्ष्मी, गिरगाव, सीएसएमटी, विधान भवन अशी स्टेशनं ओळीने आहेत. तुमच्या यादीतली निम्मी ठिकाणं या एका मार्गावर आली. स्टेशनात सरकते जिने आणि लिफ्ट असल्यामुळे गुडघेदुखीवाल्या सासूबाईंनाही ती लोकलपेक्षा सोपी. शिवाय दादरहून चैत्यभूमी जवळ, हिंदू कॉलनीतलं राजगृहही जवळ. चवदार तळ्याच्या महाडकडच्या माणसाने मुंबईला जाऊन राजगृह पाहू नये, हे मला चुकल्यासारखं वाटतं. फक्त ६ डिसेंबरच्या आगेमागे दादरला खोलीचा बेत करू नका. महापरिनिर्वाण दिनासाठी लाखो माणसं येतात, त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते.

खोली शोधताना आधी घरचे दोर चाचपून पाहा. यजमानांच्या कंपनीचं मुंबईत गेस्ट हाऊस आहे का? बँकेत, विमा कंपनीत, शिक्षकांच्या पतपेढीत कुणी जवळचं असेल तर त्यांची हॉलिडे होम असतात; ती स्वस्त आणि स्वच्छ, पण महिना-दोन महिने आधी अर्ज करावा लागतो. गावच्या मुंबई मंडळाकडे किंवा आपल्या समाजाच्या संस्थेकडे एखादी खोली आहे का, विचारायला काय हरकत? मादाम कामा रस्त्यावर वायडब्ल्यूसीएचं अतिथिगृह आहे, तिथे नुसत्या बायकांचीच नव्हे, कुटुंबांचीही सोय होते; मात्र आगाऊ ठरवावं लागतं. रेल्वेच्या विश्रामगृहातल्या खोल्या चांगल्या, पण त्याला आरक्षित तिकिटाचा नंबर लागतो, एसटीने जाणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही. मुंबई सेंट्रल स्टेशनात २०२१ पासून ‘पॉड’ नावाच्या झोपण्याच्या पेट्या निघाल्या आहेत. एकट्यादुकट्या माणसाला रात्र काढायला ठीक. सासूबाईंना तीत शिरायला सांगून पाहा म्हणजे कळेल. आणि ओळखीने आमदार निवासातली खोली मिळते म्हणून कुणी भरीस घालेल. बायकामुलांना घेऊन तिथे जाऊ नये. एका खोलीत आपण, बाहेर पन्नास कार्यकर्ते, रात्रभर दार वाजत राहतं.

धर्मशाळांबद्दल एक विनंती. परळच्या टाटा आणि केईएम रुग्णालयांत लांबून आलेल्या रुग्णांची माणसं दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी दिवस काढतात. फिरायला जाणाऱ्यांनी ओळख लावून त्या जागा अडवू नयेत.

लॉज घेतलात तर मोबाईलवरच्या फोटोंवर जाऊ नका. फोटोतली चादर नेहमीच पांढरी असते. लोकांनी लिहिलेल्या अभिप्रायांतले नाराजीचे तेवढे वाचा. ढेकूण, उंदीर, पाणी, आवाज हे शब्द तिथेच सापडतात. मग फोन करून विचारा: खोली सोडायची वेळ कोणती, दुपारी बाराची की आल्यापासून चोवीस तासांची? हा प्रश्न फार महत्त्वाचा. तुम्ही सकाळी अकराला पोचलात आणि तिथे बाराचा नियम असला, तर तासाभरासाठी एका दिवसाचं भाडं मागू शकतात. जादा गादीचे किती? कर धरून एकूण किती? गरम पाणी दिवसभर की सकाळी सहा ते नऊ? लिफ्ट आहे का? संडास-बाथरूम आत आहे का, आणि कमोड आहे का? शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण गुडघे दुखणाऱ्या म्हातारीला घेऊन जायचं तर तोच आधी विचारावा. पोचल्यावर पैसे देण्याआधी खोली पाहा, आतली कडी लावून पाहा, नळ सोडून पाहा. मोठ्या माणसांची आधार कार्डं मागतात, ती एकाच पाकिटात ठेवा.

आगाऊ पैसे पाठवताना जपा. हॉटेलच्या नावाने खोटे फोन नंबर टाकून लोकांना फसवण्याचे प्रकार सध्या फार होतात. सगळे पैसे एकदम पाठवू नयेत, आणि कुणी मोबाईलवर आलेला आकडा सांगा म्हणाला तर फोन ठेवून द्यावा. स्टेशनाबाहेर ‘रूम चाहिये?’ म्हणत मागे लागणाऱ्याकडे तर पाहूसुद्धा नका.

खर्चाची चिंता वाटणं साहजिक आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. तुमचं आणि सासूबाईंचं जाऊन-येऊन अर्धं भाडं वाचतं. सासूबाई पंचाहत्तरीच्या पुढे असतील तर त्यांचा प्रवास फुकटच. रोजच्या लोकलचे आणि रिक्षाचे पैसे वाचतात ते वेगळे. एवढ्याने खोलीचं भाडं भरून निघत नाही, पण खड्डा बराच बुजतो. एसटी की रेल्वे, असंही विचारलं आहे. वीर स्टेशनवरून दिव्याची पॅसेंजर स्वस्त पडते, पण दिव्याला उतरून सामानासकट लोकल गाठावी लागते. सासूबाई बरोबर असताना मी एसटीच घेईन. गाडी परळला थांबते की थेट मुंबई सेंट्रलला जाते, हे बसतानाच कंडक्टरला विचारा. दादरला जायचं तर परळ जवळ. महामार्गाचा भरवसा नाही, तेव्हा वेळापत्रकात लिहिलेल्या वेळेपेक्षा तास-दीड तास जास्तच धरा.

आता यादी. बहुतेक घरांत सर्वांच्या इच्छा लिहून काढतात आणि उरलेल्या वेळात आईचं काय ते बघू म्हणतात. वेळ उरत नाही. म्हणून यादी उलटीकडून वाचा. समुद्र आज आहे, उद्याही असणार. राणीची बाग पळून जात नाही. नाटकाचा प्रयोग मात्र ठरावीक तारखेला, ठरावीक वेळी असतो. ज्याला वेळ बांधलेली आहे ते आधी ठरवायचं आणि बाकीचं त्याच्या भोवती बसवायचं, हा स्वयंपाकातलासुद्धा साधा नियम आहे. भात शेवटी होतो, पण तांदूळ आधी निवडून ठेवतो ना? तेव्हा कंस पुसून टाका आणि पहिलं तिकीट नाटकाचं काढा.

दादर पश्चिमेला प्लाझाजवळ शिवाजी मंदिर आहे, १९६५ पासून तिथे मराठी नाटकं होत आली आहेत. शनिवार-रविवारी प्रयोग जास्त. वर्तमानपत्रात जाहिराती येतात, मोबाईलवरूनही तिकीट निघतं. दुपारचा प्रयोग घ्या, रात्रीच्या जेवणाला बाधा येत नाही. मुलं लहान असतील तर त्यांना आत नेऊ नका. त्यांचाही जीव कंटाळतो, शेजारच्यांचाही. तेवढा वेळ यजमान त्यांना शिवाजी पार्कात घेऊन जातील. तीन तास मुलं बापाजवळ राहिली तर काही बिघडत नाही. आणि एक सुचवू का? एक तिकीट जाऊबाईंचं काढा. नालासोपाऱ्याला वर्षानुवर्षं राहून नाटकाला न गेलेल्या बायका पुष्कळ आहेत. मुंबई जवळ असते त्यांनाच ती पाहायला मिळत नाही. त्यांना म्हणावं, ‘वहिनी, तुम्ही दादरला या, आपण दोघीच जाऊ.’ लॉजवर उतरल्याचा राग उरला असला तर तोही त्या तीन तासांत जाईल.

दिवस कोणते घ्यावे हे सुट्टीच्या वारांवरून आपोआप ठरतं. घारापुरीची लेणी सोमवारी बंद. मंगळवारी सिद्धिविनायकाला रांग रस्त्यापर्यंत येते. बुधवारी राणीची बाग बंद आणि तिच्या शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालयही बंद. राहिले गुरुवार ते रविवार. गुरुवारी सकाळी निघा, दुपारी पोचा, जेवून सासूबाईंना आडवं होऊ द्या, मुलांना दामटू नका. संध्याकाळी मेट्रोने गिरगाव चौपाटी आणि मरीन ड्राइव्ह, एवढंच.

शुक्रवार घारापुरीचा. गेटवेवरून लाँचने तासभर लागतो. सकाळी लवकर निघावं, दुपारी दोनच्या सुमारास तिकडे जाणाऱ्या लाँच थांबतात. पावसाळ्यात समुद्र खवळला की फेऱ्या बंद ठेवतात, तेव्हा त्या दिवसांत हा बेत भरवशावर ठेवू नये. १८ डिसेंबर २०२४ ला याच मार्गावर मोठा अपघात होऊन माणसं गेली. लाइफ जॅकेट सर्वांनी, मुलांनी आणि सासूबाईंनीही, नीट बांधून घ्यायचंच. ‘उकडतंय’ ही सबब चालणार नाही. वर चढायला शंभरावर पायऱ्या आहेत, डोलीही मिळते. मुख्य लेण्यातली तीन मुखांची सदाशिवमूर्ती सुमारे वीस फूट उंच आहे. तिच्यासमोर मुलांना पाच मिनिटं गप्प उभं करा, फोटो नंतर काढा. १९८७ साली या लेण्यांना जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. आणि गंमत म्हणजे हे बेट आपल्याच रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात येतं. मुंबईत जाऊन तिकीट काढायचं आणि आपल्याच जिल्ह्यात उतरायचं! समुद्राखालून केबल टाकून तिथल्या गावात कायमची वीज आली ती २०१८ साली, हेही मुलांना सांगा.

परत आल्यावर गेटवे पाहा. १९२४ साली ते बांधून पूर्ण झालं. मग थांबा. ‘आलोच आहोत तर’ म्हणून त्याच दिवशी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयही उरकायचा मोह होईल. ते १९२२ पासून लोकांसाठी खुलं असलेलं फार मोठं संग्रहालय आहे, दमलेल्या पायांनी पाहिलं तर डोक्यात काही राहत नाही. त्यापेक्षा नुसतं बाहेरून दाखवा, आणि पायांत बळ उरलं असेल तर शेजारच्या जहांगीर कलादालनात अर्धा तास जा, तिथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत. मुलांची डबलडेकरची हौस इकडेच भागेल. जुन्या लाल डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाल्या. आता विजेवर धावणाऱ्या गार डबलडेकर आहेत. सीएसएमटीची १८८८ मध्ये पूर्ण झालेली इमारत बघायची ती दिवे लागल्यावर.

शनिवारी पहाटे सिद्धिविनायक, तिथून न्याहारी करून भायखळ्याला राणीची बाग. पेंग्विन तिथे २०१७ पासून लोकांना पाहता येतात. आई-वडील आणि दोन मुलं असं चौघांचं एकत्र तिकीट स्वस्त पडतं, खिडकीवर तसं मागावं. बागेला लागूनच भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, आणि तिथेच दगडी हत्ती आहे. हा हत्ती मूळचा घारापुरीचा! त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. आदल्या दिवशी बेट पाहिलेल्या मुलांना हा हत्ती दाखवला की त्यांच्या डोक्यात गोष्ट पुरी होते. लाँचला घाबरून सासूबाई मागे राहिल्या असतील तर त्यांनाही निदान हत्ती पाहता येईल. दुपारी खोलीवर येऊन अंघोळ, बरं लुगडं-साडी नेसणं आणि चारला नाटक.

महालक्ष्मी कुठे बसवायची? गुरुवारी संध्याकाळी चौपाटीच्या आधी, किंवा रविवारी सकाळी. सासूबाईंना दोन देवळं एका दिवशी करायची असतील तर राणीची बाग यजमानांवर सोपवा. तारापोरवाला मत्स्यालय यादीत धरू नका. १९५१ पासूनचं ते ठिकाण आता बंद झालं आहे. आपल्या लहानपणीच्या आठवणी सांगून मुलांना तिथवर नेलं तर हिरमोड व्हायचा. मॉल दाखवायचा असं यजमानांच्या मनात असेल तर माझा विरोध आहे. ते सगळं पनवेललाही मिळतं.

खरेदीचं थोडक्यात सांगते. साड्यांसाठी दादरचं हिंदमाता, कापडासाठी मंगलदास मार्केट. एप्रिल-मेमध्ये गेलात तर लालबागच्या मिरची गल्लीत मसाल्याच्या मिरच्या निवडून घेता येतात आणि तिथेच दळूनही मिळतं. पण तो मसाला पहिल्या दिवशी घेऊ नका. तीन दिवस खोलीत ठेवला तर सगळ्या कपड्यांना खाट येईल.

रविवारी खोली सोडून सामानासकट नालासोपाऱ्याला. रविवारी लोकलचे ब्लॉक असतात, गाड्या कमी आणि उशिराच्या, म्हणून आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रात पाहून निघा. ब्लॉक मोठा असेल तर सकाळी दहाच्या आत पोचावं. जाऊबाईंना आधीच बजावून ठेवा की पुरणपोळीचा घाट घालायचा नाही, पिठलं-भात चालेल. परतीची एसटी बोरिवलीहून धरली तर पुन्हा मुंबईत यावं लागत नाही. तिचं आरक्षण जातानाच करून ठेवा, खिडकीजवळची जागा सासूबाईंना, आणि पाण्याच्या बाटल्या नालासोपाऱ्यालाच भरून घ्या.